आइस हॉकीतल्या ‘एडी शोअर पुरस्कारा’चं नाव बदलावं का?

हिमरेषा
अमेरिकन हॉकी लीग म्हणजे एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग, उत्तर अमेरिकेतली सर्वात वरची लीग) लगेच खालची लीग. तिथल्या सर्वोत्तम बचावपटूला दरवर्षी एडी शोअरच्या नावाचा पुरस्कार देतात. माझ्या मते हे नाव काढायला हवं.

शोअर खेळाडू म्हणून थोर होता. एनएचएलमध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळताना चार वेळा हार्ट करंडक, म्हणजे संघासाठी सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, मिळवला, त्यावर वाद नाही. पण १९३९ साली त्याने मॅसॅच्युसेट्समधला स्प्रिंगफिल्ड इंडियन्स हा संघ विकत घेतला आणि मालक म्हणून खेळाडूंना अक्षरशः वेठीला धरलं. मर्जीतून उतरलेल्यांना ‘ब्लॅक एसेस’ म्हणत. त्यांना सराव करावा लागे, सामन्यात मात्र जागा नसे. वर स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विका, फुगे फुगवा, दिवे बदला. सतत बर्फावर पडणाऱ्या गोलरक्षकाला सरावात गोलच्या आडव्या दांडीला दोरीने बांधल्याचं जुन्या खेळाडूंनी सांगितलं आहे.

डिसेंबर १९६६ मध्ये त्याने तिघांना ‘मन लावून खेळत नाहीत’ म्हणून बिनपगारी निलंबित केलं. तेव्हा सगळा संघ संपावर गेला. अशा माणसाचं नाव आजच्या पोरांच्या हातात का द्यायचं?

खडकी_कट्टा
ताई, हा संघ टिकला तोच शोअरमुळे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने स्प्रिंगफिल्डचं स्टेडियम ताब्यात घेतलं. दुसऱ्या कुणी मालकाने तेव्हाच गाशा गुंडाळला असता. याने आपले खेळाडू बफेलोच्या संघात नेले आणि बफेलोने १९४३ व १९४४ असे लागोपाठ दोन काल्डर करंडक, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगची विजेतेपदं, जिंकले. १९४६ला तो संघ परत घेऊन आला. १९५१मध्ये पुन्हा सिराक्यूजला जावं लागलं, १९५४ला पुन्हा परत. मग १९६०, ६१, ६२ असे सलग तीन करंडक! या लीगमध्ये ही हॅटट्रिक आजवर दुसऱ्या कुणालाच जमलेली नाही. पुरस्कार खेळासाठी आहे, स्वभावासाठी नाही. आणि तो सुरूच झाला १९५८-५९च्या हंगामात, संपाच्या कितीतरी आधी.

हिमरेषा
ते तीन करंडक जिंकून देणारे खेळाडूच तर पुढे संपात होते! ब्रायन किलरी त्या तिन्ही विजयांत होता आणि खेळाडूंच्या वतीने वकिलाला फोनही त्यानेच केला.

इतकी वर्षं सगळ्यांनी सहन का केलं, तेही बघा. १९६७पर्यंत एनएचएलमध्ये संघ फक्त सहा. वरच्या जागा मोजक्या आणि करार मालकाच्या मुठीत. शोअरने सोडलं नाही तर जायचं कुठे? याला मी शिस्त म्हणणार नाही.

बर्फगोळा
दोघांचं वाचतोय. एक भर घालतो. तो वकील म्हणजे अ‍ॅलन ईगलसन. या संपामुळे त्याचं नाव झालं, शोअरला कारभार सोडावा लागला आणि १९६७मध्येच एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. पण १९९८मध्ये याच ईगलसनने खेळाडूंची फसवणूक केल्याची कबुली कोर्टात दिली आणि त्याला हॉल ऑफ फेममधून, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीतून, बाहेर पडावं लागलं. म्हणजे एकदा दिलेला मान परत जाऊ शकतो, हे हॉकीत आधीच घडलंय.

खडकी_कट्टा
ईगलसनचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला होता. शोअर कठोर होता, विक्षिप्तही होता, पण चोर नव्हता. १९६७मध्ये संघ एनएचएलमधल्या लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला तेव्हा त्यांनी नावसुद्धा ‘स्प्रिंगफिल्ड किंग्ज’ करून टाकलं. १९७४ला संघ परत मिळताच शोअरने ‘इंडियन्स’ हे नाव पुन्हा आणलं आणि १९७५ला करंडक जिंकला. तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं. गावाच्या संघावर एवढा जीव लावणारा मालक मला तरी दुसरा दाखवता येत नाही. १९९४मध्ये नव्या मालकांच्या हाताखाली हा संघ वूस्टरला निघून गेला, तेव्हा अडवायला कुणी नव्हतं.

हिमरेषा
संघावर जीव होता, मान्य. खेळाडूंवर नव्हता. निलंबित झालेल्या तिघांत बिल व्हाइट होता, तोही बचावपटूच. संपानंतर तो एनएचएलमध्ये गेला आणि १९७२च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत कॅनडासाठी खेळला. ज्याला शोअरने ‘मन लावून खेळत नाही’ म्हटलं, तो हा माणूस. पुरस्काराला त्याचं नाव द्या.

खडकी_कट्टा
व्हाइटच्या नावाने नवा पुरस्कार काढा, आनंदाने पाठिंबा देईन. पण शोअरचं नाव पुसून नको.