युरोस्कोर कमी, तरी आयसीयूत आठ दिवस?

'युरोस्कोर दोन टक्के होता, मग आयसीयूत आठ दिवस कसे लागले?' हा हृदयाच्या ऑपरेशनबद्दल इथे विचारलेला प्रश्न रास्त आहे, पण स्कोअर चुकला असं मला वाटत नाही. युरोस्कोर-२ (ऑपरेशनआधी जोखीम मोजायच्या या स्कोअरची सुधारित आवृत्ती) रुग्णालयातल्या मृत्यूचा अंदाज सांगतो, मुक्कामाचा नाही. मुक्कामासाठी ऑपरेशनपासूनच्या पहिल्या २४ तासांतले आकडे बघावेत: पंप (ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन) किती मिनिटं चालला, लॅक्टेट (रक्तपुरवठा अपुरा असला की रक्तात वाढणारं आम्ल) उतरतंय का, लघवी ताशी किलोमागे अर्धा मिली तरी होतेय का, नॉरअ‍ॅड्रिनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) कमी करता येतंय का.

किडनीचा मुद्दा मात्र इथल्या चर्चेत कुणीच काढला नाही. नुसत्या क्रिएटिनिनवर (किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या घटकाच्या पातळीवर) विसंबू नका! ७२ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन १.० मिग्रॅ/डेसिलिटर आलं तर रिपोर्ट नॉर्मल दिसतो. पण वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून किडनीची क्षमता काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातलं की क्लिअरन्स (किडनी दर मिनिटाला किती रक्त साफ करते तो आकडा) जेमतेम ३४ मिली. युरोस्कोर-२ मध्ये ५० पर्यंत क्लिअरन्स असलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या गटाची जोखीम डायलिसिसवाल्यांपेक्षाही जास्त धरली आहे. अशा किडनीला पंपानंतर अंगात साचलेलं पाणी लवकर काढता येत नाही, फुप्फुसं ओली राहतात आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. म्हणून वय आणि वजन स्कोअरच्या फॉर्मवर अंदाजाने लिहू नका, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं करून वजन घ्या.