हौशी थरारपटाचे चित्रीकरण तपासताना दिसलेले काळे पट्टे

प्रश्न: जिन्यावरच्या पाठलागाचे चित्रीकरण संगणकावर पाहिले असता, ट्यूबलाइटखालच्या शॉटमध्ये काळे पट्टे सरकताना दिसतात, कॅमेऱ्याचे शटर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ) १/६० सेकंद होते. संपूर्ण दृश्य पुन्हा चित्रित करावे लागेल का?

उत्तर १: आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. पट्टे पुसट असतील तर डीफ्लिकरने (लुकलुक कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरने) निभावेल. चेहऱ्यावरून जात असतील, तर शॉट नव्याने घेतलेला बरा.

उत्तर २: आधी कच्चे संकलन करून पाहावे, कारण पाठलागात पुष्कळसे शॉट जेमतेम सेकंदभर टिकतात. पळणाऱ्याची दिशा मात्र तपासा. ती मध्येच उलटली, तर तो परत फिरल्यासारखा वाटतो, आणि प्रतिमा आरशातल्यासारखी उलटवावी तर दारावरची पाटीही उलटी होते!

प्रश्नकर्ता: पाटी आहेच. चेहऱ्यांचे तेवढे शॉट रविवारी पुन्हा घेतो.