मायक्रोसॉफ्ट ३६५ : सगळ्यांना एकच परवाना, आता तो कोणाचा कमी करायचा?

वाळूजकर (प्रश्न)

नमस्कार. आमचा वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना असून संगणक विभागात मी आणि एक सहकारी असे दोघेच आहोत. चार वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्ड, एक्सेल, मेल वगैरेंची वर्गणीवर मिळणारी सेवा) घेताना कोणाचे काम काय आहे हे न पाहता सर्वांना ‘बिझनेस स्टँडर्ड’ हा एकच परवाना देण्यात आला आणि आज अशा परवान्यांची संख्या १४८ झाली आहे. गेल्या आठवड्यात ॲडमिन सेंटरमधून (खाती व परवाने सांभाळण्याच्या पानावरून) १८० दिवसांचा वापर-अहवाल काढला, तेव्हा ४६ जणांनी या काळात डेस्कटॉपवरचे वर्ड किंवा एक्सेल एकदाही उघडलेले नाही, असे दिसले. शिवाय नोकरी सोडून गेलेल्या ११ जणांच्या नावावर परवाने अजून चालूच आहेत. भांडारातील संगणकावर तर तिन्ही पाळ्यांतले लोक एकाच माणसाच्या नावाने लॉगिन करतात आणि पासवर्ड मॉनिटरखाली चिकटपट्टीवर लिहिलेला आहे.

नूतनीकरण सात आठवड्यांवर आले आहे व लेखा विभागाला खर्च कमी करून हवा आहे. पाळीतल्या लोकांना ‘एफ३’ परवान्यावर नेणे योग्य ठरेल का? आणि सोडून गेलेल्यांचे परवाने काढल्यास पुरवठादारांशी झालेला त्यांचा जुना पत्रव्यवहार जाईल, ही खरेदी विभागाची भीती कितपत खरी आहे?

सर्व्हरखोली

एफ३ हा परवाना पाळीवर, दुकानात किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी आहे आणि त्याला अटी आहेत : वापरणाऱ्याचे मुख्य उपकरण एक तर १०.९ इंचांपेक्षा लहान पडद्याचे हवे, नाहीतर ते अशाच इतर कामगारांसोबत वाटून वापरलेले हवे. तुमच्या भांडारातला संगणक दुसऱ्या अटीत नेमका बसतो; मात्र प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र परवाना द्यावाच लागेल, कारण हे परवाने माणसाला मिळतात, खुर्चीला नाही. एका नावावर तिघांनी काम करणे परवान्याच्या अटींत बसत नाही आणि उद्या साठ्यात फरक निघाला तर नोंद कोणी केली हेही कळणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एफ३ मध्ये मेलबॉक्स फक्त २ जीबीचा असतो आणि डेस्कटॉपवरचे आउटलुक मिळत नाही. आमच्याकडे मीच ही चूक केली होती. डिस्पॅचच्या पर्यवेक्षकाचे काम ‘फक्त मेल पाहण्याचे’ आहे असे समजून मी त्याचा परवाना बदलला आणि त्याचा मेलबॉक्स ६ जीबीचा आहे हे पाहिलेच नाही. संध्याकाळी त्याचे मेल जाणे थांबले, ग्राहकाकडे बीजक पोहोचेना आणि माल भरलेला ट्रक दोन तास गेटवर उभा राहिला. म्हणून आधी मेलबॉक्सच्या आकाराचा अहवाल काढा, तो त्या ४६ नावांसमोर मांडा आणि मगच निर्णय घ्या.

कोकणकडा

वरील उत्तर बरोबर असले तरी माझ्या मते तुम्हाला बहुतेकांसाठी एफ३ लागणारच नाही. ‘बिझनेस बेसिक’मध्येही डेस्कटॉपचे ऑफिस नसते, ब्राउझर आणि मोबाइलवरचे असते, पण मेलबॉक्स किमान ५० जीबीचा मिळतो आणि डॉलरमधील प्रकाशित दर पाहिल्यास तो एफ३ पेक्षा स्वस्तच आहे. एफ३ चा जादा पैसा इंट्यून (उपकरणे दुरून सांभाळण्याची सेवा), विंडोज एंटरप्राइझ (विंडोजची मोठ्या संस्थांसाठीची आवृत्ती) अशा गोष्टींचा आहे, आणि त्या वापरणार नसाल तर तो खर्च कशासाठी करायचा? ज्यांना मेलही नको, फक्त टीम्सवरच्या (मायक्रोसॉफ्टच्या संदेश-बैठकांच्या ॲपवरच्या) सूचना आणि पाळीचे वेळापत्रक हवे, त्यांच्यासाठी ‘एफ१’ त्याहून स्वस्त पडतो. रुपयांतील दर मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या.

सोडून गेलेल्यांबद्दल सांगायचे तर खरेदी विभागाची भीती अगदीच निराधार नाही. परवाना नुसता काढून टाकला तर मेल ३० दिवस राहतात आणि नंतर जातात. म्हणून परवाना असतानाच तो मेलबॉक्स ‘शेअर्ड मेलबॉक्स’मध्ये (अनेकांना मिळून पाहता येणाऱ्या मेलबॉक्समध्ये) बदला, खात्याचे लॉगिन बंद करा, खरेदी विभागातल्या दोघांना पाहण्याची परवानगी द्या आणि मगच परवाना काढा. शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत विनापरवाना चालतो, पण त्यामागचे खाते पुसून टाकायचे नसते. आमच्याकडे एका नवीन मुलाने ‘साफसफाई’ म्हणून तेच केले होते आणि खाते ३० दिवसांच्या आत परत मिळवता येते म्हणून आम्ही वाचलो. वनड्राइव्हचा, म्हणजे प्रत्येकाच्या नावावरच्या ऑनलाइन फाइल-साठ्याचा, विचार वेगळा करावा लागेल. जानेवारी २०२५ पासून परवाना नसलेले वनड्राइव्ह ९३ दिवसांनंतर संग्रहात टाकले जाते आणि ते पुन्हा उघडायला पैसे मोजावे लागतात, तेव्हा कामाच्या फायली आधीच शेअरपॉइंटवर (संस्थेच्या सामायिक फाइल-साठ्यात) हलवून घ्या.

करारपत्र

सात आठवडे पुष्कळ वाटतात, पण वार्षिक करारात परवान्यांची संख्या मध्येच कमी करता येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी, किंवा त्यानंतरच्या सात दिवसांतच, ती घटवता येते. आणि आपोआप नूतनीकरण चालू असेल तर जुनी १४८ हीच संख्या पुढच्या वर्षावर चढेल. तेव्हा विक्रेत्याला नवी संख्या आजच लिहून कळवा. वर्षाच्या मध्ये वरच्या परवान्यावर जाता येते, खाली येता येत नाही. म्हणून ज्या नावांबद्दल शंका असेल त्यांना सुरुवातीला बेसिक द्या. कंत्राटी लोकांसाठी मोजके परवाने मासिक मुदतीवर ठेवा. ते सुमारे २० टक्के महाग असले तरी माणूस गेला की त्या महिन्यापुरतेच पैसे जातात.

वाळूजकर

सर्वांचे आभार. काल मेलबॉक्स मोजले : ४६ पैकी नऊ जणांचेच २ जीबीच्या आत आहेत, त्यामुळे एफ३ चा विचार सोडून बेसिक घेण्याचे ठरत आहे. विभागानुसार समूह करून परवाने आपोआप देता येतात असे वाचले. ते आम्हाला जमेल का?

करारपत्र

त्यासाठी एंट्रा आयडीचा (मायक्रोसॉफ्टच्या खाती व लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचा) पी१ परवाना लागतो आणि तो स्टँडर्ड किंवा बेसिकमध्ये येत नाही, ‘बिझनेस प्रीमियम’मध्ये येतो. केवळ त्यासाठी प्रीमियम घेऊ नका. दीडशे नावांना एक्सेलची यादी पुरते. फक्त मनुष्यबळ विभागाच्या ‘नो ड्यूज’ अर्जावर संगणक विभागाच्या सहीसाठी एक रकाना वाढवून घ्या, म्हणजे माणूस गेल्याचे तुम्हाला त्याच दिवशी कळेल.