मदत हवी आहे: आत्याच्या गोधडीसाठी नक्षी कोणती?

आत्यासाठी हाताने गोधडी शिवतेय. माप 60 बाय 90 इंच, कापड सुती, आधीच धुऊन घेतलंय म्हणजे नंतर आटायला नको. साधे 6 इंची चौकोन जोडले तर 150 तुकडे लागतील, शिवणीचा पाव-पाव इंच वेगळा. तेवढं जमेल मला. पण जीव अडकलाय त्रिकोणांच्या चांदण्यांत! तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, टोकं जुळत नाहीत. नमुन्याचा तुकडा दोनदा उसवून झाला.

त्यात आत्याची नजर अधू, फिकट रंग तिला एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. मग गडद-फिकट चौकोन आलटून पालटून लावू, की मधोमध एकच मोठी चांदणी आणि भोवती रुंद पट्ट्या? धावदोरा सरळ ओळींत घालू की कडेने आत वळवत नेऊ? हातात दोन महिने आहेत.