घरात झुरळांसाठी फवारणी करायची आहे, पण रांगते बाळ आणि मांजर आहे: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यापासून स्वयंपाकघरात झुरळे फार वाढली आहेत आणि खोलीच्या चौकटीला वाळवीही लागली आहे. घरात दहा महिन्यांची मुलगी आहे; ती दिवसभर फरशीवर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. शिवाय एक मांजर आहे.

फवारणीसाठी आलेल्या माणसाने "दोन तास बाहेर थांबा, काही होत नाही" एवढेच सांगितले. औषधाचे नाव विचारल्यावर मात्र त्याने उत्तर टाळले, आणि तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. परमेथ्रिन हे कीटकनाशक माणसांना तुलनेने कमी घातक असले, तरी मांजराचे यकृत ते नीट निष्प्रभ करू शकत नाही, त्यामुळे झटके येऊन मांजर दगावू शकते, हे मला ठाऊक आहे. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषारीपणाची पातळी कळते, म्हणून डबा पाहिल्याशिवाय मी होकार देणार नाही.

झुरळांसाठी फवारणीऐवजी बिजागऱ्यांमागे आणि फटींत जेलचे ठिपके लावून कोणाचे काम भागले आहे का? वाळवीसाठी भिंतीला छिद्रे पाडून औषध सोडल्यावर आपण बाळाला किती दिवस दुसरीकडे ठेवले होते? फरशी नंतर कशी पुसली? लहान मूल किंवा मांजर असलेल्यांनी कृपया औषधाच्या नावासह स्वतःचा अनुभव सांगावा.