स्टॉकहोमचं वासा जहाज म्युझियम – गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन जावं काय?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. मे एंडला मी आणि आई स्टॉकहोमला जाऊलालोय, धाकटा भाऊ आहे तिथं. त्याला सुट्टी शनिवार-रविवारचीच, त्यामुळं मधला एक दिवस आम्हा दोघांनाच फिरून काढायचाय. भाऊ म्हणतोय दुसरं काय नाही बघितलं तरी चालेल पण वासा म्युझियम बघून सोडा, 1628 साली बुडालेलं अख्खं लाकडी जहाज तिथं छपराखाली उभं केलंय. घरात बाबांना सांगितलं तर म्हणाले वासा बघायला एवढं लांब कशाला, आपल्या शहापूरच्या जुन्या घराला बारा वासे आहेत की, मोज म्हणावं.

खरं सांगू काय, मी पक्का बेळगावचा, पाणी म्हणजे राकसकोप आणि फार फार तर कारवारचा बीच. जहाजातलं मला ओ की ठो कळत नाही. आणि आई 67 ची, जिना चढताना गुडघे धरतात. तिथं जाऊन नुसतं 'मोठं आहे हं' म्हणून परत यायचं असंल तर त्यापेक्षा बोटीतून शहर बघितलेलं बरं न्हवं? कुणी जाऊन आलंय काय? किती वेळ लागतो, आईला झेपंल काय, आणि बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, तेवढं सांगा बघूया.

उद्यमबाग_फिटर

दादा, जावाच. मी कंपनीच्या ट्रेनिंगला गेलतो तेव्हा एका रविवारी बघितलं. दोन तास म्हणून गेलो आणि बंद करायची वेळ झाली म्हणून बाहेर काढले मला.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवून जावा म्हणजे बघताना मजा येईल. हे जहाज वादळात बुडालं नाही, लढाईत नाही, खडकावर आपटून नाही. 10 ऑगस्ट 1628, पहिलीच सफर, धक्क्यावर अख्खं गाव बघायला जमलेलं, आणि साधारण 1300 मीटर जाऊन कलंडलं. म्हणजे चन्नम्मा सर्कलवरनं निघून आपल्या घरापर्यंत पण पोचलं नाही म्हणा की. वारा पण लई नव्हता. पहिल्या झुळकीला कललं, कसंबसं सरळ झालं, दुसऱ्या झुळकीला एवढं कललं की खालच्या मजल्याच्या तोफांच्या खिडक्यांतनं पाणी आत. खिडक्या उघड्या का, तर निघताना सलामीच्या तोफा उडवल्या होत्या. संपला विषय.

कारण आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा. सीझनला चिक्कोडी-संकेश्वर रोडवर ऊसाची ट्रॉली बघितलाय न्हवं, वर हा ढीग आणि चाकांची रुंदी तेवढीच, वळणावर एका बाजूला आडवी. तसंच हे. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ, त्याला तोफांचे दोन मजले पाहिजेत, 64 तोफा. वर वजन वाढत गेलं आणि बुडाची रुंदी हाय तेवढीच. तळाला 120 टन दगड भरलेले, पण अजून भरावे म्हटलं तर जागा नाही, आणि भरलेच असते तर जहाज खाली बसून तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. म्हणजे ड्रॉइंगमध्येच घोळ, नंतर कुणी काय करणार.

अजून ऐका. निघायच्या आधी टेस्ट घेतलेली! 30 माणसं डेकवर या बाजूनं त्या बाजूला पळवली. तीन फेऱ्यांत जहाज एवढं हलायला लागलं की तिथला अॅडमिरल म्हणाला बास, थांबवा. आणि तरी सोडलं. राजा परदेशात लढाईत गुंतलेला, तिकडनं लवकर पाठवा लवकर पाठवा म्हणून पत्रं, त्याला कोण सांगणार की सायबा ह्याचं सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी चुकलंय. डिस्पॅच डेटसाठी इन्स्पेक्शनमध्ये सही मारतात न्हवं, सेम. मी बी मारलीय, खोटं कशाला बोलू.

नंतर चौकशी बसली. जहाज बांधणारा मुख्य मिस्त्री डच, हेन्रिक हायबर्टसन, तो आदल्याच वर्षी वारलेला. बाकीचे म्हणाले राजानं मापं मंजूर केली तशी बांधली. मग गुन्हेगार ठरवायचा म्हणजे राजाच. कुणालाच शिक्षा झाली नाही.

आता आमच्या लायनीची गंमत. जहाजात सुतारांच्या फूटपट्ट्या सापडल्यात. काही स्वीडिश फुटाच्या, त्यात 12 इंच, आणि काही अॅमस्टरडॅम फुटाच्या, त्यात 11 इंच, आणि दोन्ही फुटांची लांबी पण वेगळी. एका जहाजावर दोन मापांत काम! म्हणून दोन बाजू एकसारख्या नाहीत, एक बाजू जड आहे. मी तिथं त्या पट्ट्यांपुढं उभा राहून एकटाच हसत होतो, गार्ड माझ्याकडं बघूलालता. आमच्या शॉपमध्ये इंचाचं ड्रॉइंग एमएम समजून केलेला एक अख्खा लॉट भंगारात घातलाय, कुणी घातला विचारू नका.

खानापूरची_अक्का

मी सासूबाईंना घेऊन जाऊन आले गेल्या वर्षी, त्यामुळं आईंचं मी सांगते. लिफ्ट आहे, जहाजाच्या भोवतीनं मजल्यामजल्यावर गॅलऱ्या आहेत, बसायला बाकडी पण आहेत. जहाजावर चढू देत नाहीत, बाहेरनंच बघायचं, त्यामुळं शिड्यांची कटकट नाही. पण मे महिना म्हणून पातळ साडीवर नेऊ नका हं, आत लाकडासाठी गारवा ठेवलेला असतो आणि दिवे पण मंद. सासूबाई म्हणाल्या थिएटरात आल्यागत वाटतंय. स्वेटर पाहिजेच. आणि कॅश घेऊन फिरू नका, तिथं सगळीकडं कार्ड. सेंटरमधून 7 नंबरची ट्राम थेट जाते, लांबूनच छपरावर डोलकाठ्या दिसतात. त्या खऱ्या जहाजाच्या नाहीत, मूळच्या डोलकाठ्या केवढ्या उंच होत्या ते दाखवायला उभ्या केल्यात.

फिटर दादांनी सगळं इंजिनिअरिंग सांगितलं पण माणसांचं सांगितलंच नाही. जवळपास 30 जण गेले त्यात. बायका-पोरं पण होती जहाजावर, पहिल्या टप्प्यापर्यंत घरच्यांना सोबत यायला परवानगी होती म्हणून. खालच्या बाजूला हाडांचे सांगाडे ठेवलेत, आणि कवटीवरनं चेहरे तयार केलेत काहींचे, अगदी समोर बसल्यागत. त्यातल्या एका सांगाड्याला वर्षानुवर्षं पुरुष समजून 'गुस्ताव' म्हणत होते, 2023 मध्ये डीएनए तपासला तर ती बाई निघाली! आता तिला गर्ट्रूड म्हणतात. सासूबाई तिच्यापुढं जी थांबल्या ते हलेनातच. म्हणाल्या, बघ, मेल्यावर बी तीनशे वर्षं बाईला कुणी बाई म्हटलं नाही.

आईंना जहाज नाही आवडलं तरी त्या खालच्या वस्तू नक्की दाखवा. एका खलाशाची लाकडी पेटी आहे, टोपी, हातमोजे, शिवणाचं सामान असलं काय काय होतं त्यात.

निपाणीकर_७८

तुम्ही सगळे फारच भारावलाय म्हणून थोडं उलटं लिहितो, राग मानू नका. दीड किलोमीटर पण न तरंगलेल्या जहाजाला एवढं मोठं घर बांधतात, आणि आपल्याकडं 17 जुलै 1947 ला रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली, तिच्याबद्दल आमच्या पोरांना नाव पण माहीत नाही. आमच्या आज्जीच्या तोंडी होतं, 'रामदास बोटीगत झालं' म्हणायची. स्वातंत्र्याच्या गडबडीत ती बातमी पण मागं पडली. तिकिटाला पैसे जरूर घाला, पण आधी घरातल्या म्हाताऱ्यांना रामदास विचारा.

आणि एक शंका, लाकूड 333 वर्षं पाण्यात राहतंय कसं? आमच्या विहिरीतला रहाट दहा वर्षांत कुजला. नवीन बनवून ठेवलंय की काय?

उद्यमबाग_फिटर

निपाणीकर काका, रामदासचं पटलं. आमच्या घरात पण कुणाला माहीत नव्हतं, आत्ता आईला विचारलं तर तिला आठवलं.

लाकडाचं सांगतो. नवीन नाही ओ, 98 टक्के मूळचं आहे. तिथल्या बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, त्यामुळं लाकूड पोखरणारा दर्यातला किडा तिथं जगत नाही. आपल्या कोकणातल्या होडीवाल्यांना विचारा तो काय चीज आहे. शिवाय बंदरात शहराची सगळी घाण, तळाला ऑक्सिजन नाही, कुजवणारे जंतू पण कमी. घाणीनं राखलं म्हणा. तोफा मात्र 1660 च्या दशकातच काढून नेल्या, पाण्यात घंटेसारखी टोपी सोडून तिच्यातल्या हवेवर माणूस श्वास घ्यायचा आणि 32 मीटर खाली काळोखात पन्नासवर तोफा ओढून काढल्या. मला जहाजापेक्षा ते जास्त भारी वाटलं.

जहाज 1956 मध्ये सापडलं. मग पाणबुड्यांनी खालून सहा बोगदे खणले, त्यातनं वायररोप घातले आणि थोडं थोडं उचलत 24 एप्रिल 1961 ला वर काढलं. आता भिजलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर चिरफळ्या होणार, म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल, जे मलमात घालतात तेच, त्याचा फवारा 17 वर्षं मारला. सतरा! एवढ्यात आमचे तीन मॅनेजर बदलले.

पण भोगलं ते वेगळ्याच कारणानं. त्याच घाणीतलं गंधक लाकडात मुरलेलं. 2000 च्या पावसाळी उन्हाळ्यात ओल्या कपड्यांची गर्दी आत, दमटपणा वाढला आणि लाकडावर डाग उठले, बघतात तर आत अॅसिड तयार होतंय. लोखंड त्याला मदत करतंय. वर काढल्यावर घातलेले हजारो लोखंडी बोल्ट गंजत होते, ते 2011 ते 2018 एकेक काढून स्टेनलेसचे घातले, पाच हजारावर. ते नवीन बोल्ट शोधा तिथं गेल्यावर, माझं काम केल्यागत होईल.

टिळकवाडीकर

मंडळी आलो जाऊन, उशिरा लिहितोय माफ करा. साडेतीन तास लागले. आत गेल्या गेल्या अंधारात ते 69 मीटरचं काळं जहाज समोर आलं आणि माझ्या तोंडातनं 'अयाया' एवढंच निघालं. मागच्या बाजूला सिंह, राजे, देवता, लाकडात कोरलेलं काय काय, शेकड्यांनी. तिथंच एक छोटी प्रतिकृती आहे रंगवलेली, मूळचं जहाज असं लाल-निळं-सोनेरी भडक होतं. आई म्हणाली आपल्या जत्रेतला रथ रंगवतात तसा. बाबांना फोनवर सांगितलं की वासा म्हणजे वासा नव्हे, तिथल्या राजघराण्याचं नाव आहे आणि त्यांच्या चिन्हावर धान्याची पेंढी आहे. ते म्हणाले मग पेंढी म्हणा की सरळ.

फूटपट्ट्या बघितल्या फिटर दादा, आणि बोल्टचं पण गाईडला विचारलं, ती खूश झाली. तिला वाटलं मी इंजिनिअर. मी पण काय बोललो नाही.

आई खलाशाच्या पेटीपुढं थांबली. आमच्या घरात आज्जीची एक लाकडी ट्रंक आहे, तिच्यात सुई-दोऱ्याचा डबा अजून आहे. म्हणाली ही पेटी त्याच्या आईनंच भरून दिली असणार, पोराला कुठं सुचतंय सुई-दोरा. मग परत येताना ट्राममध्ये मला म्हणते, ती 30 माणसं पळवली तेव्हा त्यातल्या एकाला तरी घरी जाऊन सांगावंसं वाटलं नसंल काय रे, की उद्या चढू नका.

निपाणीकर काका, रामदासचं आईला विचारलं. तिला नाव माहीत होतं, तिच्या मामांच्या ओळखीतलं कुणी गेलं होतं म्हणे त्यात. यापूर्वी कधी बोलली नव्हती. अक्का, स्वेटर नेला होता, बरं झालं.