सबमिशन, वायवा, वर्कशॉप आणि मेस: इंजिनिअरिंगच्या दिवसांतली माणसं

कोयनाकाठ
काल कराड स्टँडवर विट्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक मुलगा येऊन थांबला. खांद्याला ड्रॉइंगचे कागद ठेवायचा काळा शीट कंटेनर, हातात रेषा मारायच्या मिनी ड्राफ्टरची लांबडी पिशवी, डोळे जागरणाने लाल. विचारलं, "सबमिशन का?" तर म्हणाला, "हो काका, आज शेवटची तारीख." गाडी लागली, तो गेला, आणि माझं मन दिवसभर आमच्या कॉलेजच्या विद्यानगरातच फिरत राहिलं.

मी कराडच्या शासकीय अभियांत्रिकीचा, नव्वदीच्या सुरुवातीचा. दहावीपर्यंत मराठी शाळा. पहिल्या वर्षी ड्रॉइंगने जीव काढला. पुस्तकातली आकृती कागदावर सपाटच दिसायची, तिच्यातून वस्तू काही उभी राहायची नाही. खोलीतला पार्टनर उस्मानाबादकडचा, वडील सुतारकाम करणारे. त्याने लहानपणापासून चौकटीचे सांधे हाताळलेले, त्यामुळे ठोकळा बघताक्षणी तिन्ही व्ह्यू सांगायचा. त्याने मला कसं शिकवलं? अंगाच्या साबणाची नवी वडी घेतली, ब्लेडने तिला खाच पाडली, एका बाजूला उतार दिला, मध्ये पेन्सिलीने भोक पाडलं आणि माझ्यासमोर धरली. "वरून बघ. आता समोरून. दिसतं ते सलग रेषेत काढ. आत आहे पण दिसत नाही ते तुटक रेषेत." त्या रात्री ड्रॉइंग डोक्यात शिरलं. पुढे नोकरीत कितीतरी मोठी मशीनं कागदावर उतरवली, पण सुरुवात त्या वडीपासूनची. दुसऱ्या दिवशी त्याच वडीने दोघांनी अंघोळ केली.

सरांनी शिकवलं, नाही असं नाही. पण मला इंजिनिअर केलं ते अशा माणसांनी. खोलीतले पार्टनर, वर्कशॉपचे मामा, लॅब असिस्टंट, मेसच्या काकू. तुमचीही असतील. लिहा त्यांच्याबद्दल. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, काहीही चालेल.

रात्रपाळी
शीट कंटेनर म्हटल्यावर जीटी आलीच!! ग्लास ट्रेसिंग, म्हणजे दुसऱ्याची शीट खाली ठेवून आपल्या कागदावर गिरवायची. खिडकीची काच काढायची, दोन ट्रंकांवर आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब. काच तापून कागदाला वास यायला लागायचा. आमचे सर शीट हातात घेतल्याबरोबर ओळखायचे. अस्सल शीटवर फिकट कन्स्ट्रक्शन लाइन असतात, ट्रेस करणारा नेमक्या त्याच गाळतो. मग आमच्यातल्या एका हुशार बाबाने आधी जीटी आणि नंतर टूएच पेन्सिलीने खोट्या कन्स्ट्रक्शन लाइन मारायला सुरुवात केली. ते करता करता त्याला ड्रॉइंगच यायला लागलं :)

मृगनक्षत्र
@रात्रपाळी, हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे मुलींच्या हॉस्टेलवर ट्यूबलाइटवाली जीटी होती, कागद तापत नाही.

वर्कशॉपच्या मामांबद्दल लिहायचंच आहे. विदर्भातलं कॉलेज, मेकॅनिकलची ब्रँच, वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी बाथरूम नव्हतं, मेन बिल्डिंगपर्यंत चालत जावं लागायचं, त्यात प्रॅक्टिकलचा अर्धा तास जायचा. मॅडम-सरांना सांगून झालं, अर्ज देऊन झाले. स्मिथीला, म्हणजे लोहारकामाला, पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, मुलींनी नुसतं बघा, जॉब (घडवायची वस्तू) मुलं करतील. आमचे लोहारकामाचे मामा मात्र म्हणाले, "परीक्षेत हिचा जॉब कोण करणार?" आणि हातोडा माझ्या हातात दिला. दांडा टोकाला धर, डोक्याजवळ नको, म्हणजे वजन आपोआप काम करतं. लोखंड नारिंगी आहे तोवर ठोक, काळपट पडलं की परत भट्टीत. थंड लोखंडावर जोर लावला तर तडा जातो आणि हातही दुखतात. गोल सळीचा चौकोन करायचा होता, मी केला, चारही बाजू त्यांनी बोटाने चाचपून बघितल्या आणि काही न बोलता जर्नलवर सही केली.

आता एका फोर्जिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मामांना कळवायला गेले होते, रिटायर होऊन गावी गेले म्हणे. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. त्याची हळहळ अजून आहे. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर.

कानस
फिटिंग!!! लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये (पकडीत) धरून कानशीने घासत राहायची. गुण्या लावून उजेडाकडे धरायची, फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसला. पुढे जाताना दाब, मागे येताना हात मोकळा. आमचे इन्स्ट्रक्टर पाठीमागून नुसता आवाज ऐकून सांगायचे कोण चुकतोय ते. तळहाताचे फोड आईला दिसू नयेत म्हणून घरी गेल्यावर चमच्याने जेवायचो.

डोंबिवली फास्ट
हॉस्टेलचं नशीब आमचं नव्हतं. डोंबिवली ते माटुंग्याचं कॉलेज, लोकलची सकाळची गर्दी, लेडीज डबा, हातात ड्राफ्टर आणि शीट. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की माझा कंटेनर वरच्या रॅकवर खिडकीच्या बाजूला जाणार आणि त्यावर कुणी डबा ठेवायचा नाही. संध्याकाळी त्या मटार सोलायच्या, गवार मोडायच्या, मी त्यांच्या मांडीवर जर्नल ठेवून लिहायचे. वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी मी प्रश्न आणि उत्तरं वहीत लिहून त्यांच्याकडे द्यायचे. बँकेतल्या एक काकू ठाणे येईपर्यंत विचारत बसायच्या, "ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही?" आणि मी अडखळले की शेजारची सांगायची, "फ्लक्स बदलत नाही ना गं!" डबाभर बायकांना ट्रान्सफॉर्मर पाठ. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, केटी लागली (नापास, पेपर परत द्यायचा) तेव्हा घरी सांगायच्या आधी त्यांना सांगितलं होतं. मस्जिदला उतरणाऱ्या काकूंनी मला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी काढशील. काढली.

आईपण_जागं
जरा वेगळं विचारते, रागावू नका. मुलाचं यंदा कॅप (इंजिनिअरिंगची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया) आहे. मेकॅनिकल आवडतं म्हणतो, घरात सगळे कॉम्प्युटर भर म्हणतायत. यादीत पहिलं काय भरू? इथे इतके मेकॅनिकलवाले दिसतायत म्हणून.

कोयनाकाठ
@आईपण_जागं, रागवायचं कशाला. एक लक्षात ठेवा, पहिल्या फेरीत यादीतला पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर जे मनापासून हवंय तेच टाका, "मिळेल का" याचा विचार करून क्रम लावू नका. ब्रँच त्याला ठरवू द्या. चार वर्षं पहाटे उठून तोच बसणार आहे.

मृगनक्षत्र
+१. आणि त्याला एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उभं करून आणा. तेलाचा वास आवडला तर प्रश्न मिटला.

विहीरमोटर
बराच विचार करून लिहितोय, कारण हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी बीड जिल्ह्यातला. इंग्रजीची इतकी भीती की येत असलेलं उत्तरही घशातच अडकायचं. लेक्चरला सर काय म्हणाले ते मी संध्याकाळी डिक्शनरी घेऊन जुळवायचो. टर्मवर्क, जर्नल सगळं वेळेत, अक्षर चांगलं, पण तोंडी परीक्षा आली की पाय लटपटायचे. हायड्रॉलिक्सच्या वायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, आले होते, पांढरी मिशी, कडक इस्त्री. सेंट्रिफ्यूगल पंपाला प्रायमिंग (सुरू करण्याआधी पाणी भरणं) का लागतं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी उभा. पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच तुटलं. परत सुरू केलं, परत तुटलं. आमच्याच कॉलेजचे इंटर्नल सर माझ्याकडे दयेने बघत होते, त्यानेच जास्त रडू येत होतं.

एक्स्टर्नल थांबले, चष्मा काढला, म्हणाले, "गावाकडं विहीर आहे का?"
"आहे."
"मोटर?"
"आहे. तीनची."
"मग मराठीत सांग. सकाळी मोटर पाणी उचलत नाही, तेव्हा वडील काय करतात?"

आणि मग मी सुटलो साहेब. पाइपाच्या तळाची झडप, फूटवॉल, गळका असला की रात्रभरात पाइपातलं पाणी उतरतं, पंपात हवा शिरते. मोटर फिरते, आवाज करते, पाणी येत नाही. मग वडील कळशीने वरून पाणी ओततात, हवेचे बुडबुडे बंद होईपर्यंत. ते विचारत गेले, हवा असली तर काय बिघडतं? मी म्हणालो, पंखा तेवढाच फिरतो, पण हवा पाण्यापेक्षा कितीतरी हलकी, तिला भिरकावून पुरेसा दाब तयार होत नाही, म्हणून खालचं पाणी वर ओढलं जात नाही. मग म्हणाले, विहीर फार खोल असेल तर पंप वर ठेवून चालेल? नाही, म्हणालो, खाली पायरीवर उतरवावा लागतो, कारण पाणी वर ढकलतं ते बाहेरच्या हवेचं वजन, आणि ते दहा मीटरच्या वर ढकलूच शकत नाही, प्रत्यक्षात तर त्याच्याही बरंच आधी थांबतं. आमच्या विहिरीत मोटर खाली का उतरवली हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यांनी चष्मा घातला आणि इंटर्नल सरांना म्हणाले, "याला विषय येतो. भाषा येईल." मला म्हणाले, "रोज एक उत्तर आरशासमोर इंग्रजीत बोल. पण आधी मराठीत समजून घे." मी ते केलं. आज परदेशी क्लायंटशी दिवसभर बोलतो. वर्गात मराठीत बोलायला बंदी घालणाऱ्या सगळ्या कॉलेजांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. पोरं मुकी होतात.

डोंबिवली फास्ट
@विहीरमोटर 🙏🙏 डोळ्यात पाणी. ट्रेनमध्ये वाचतेय.

मनीऑर्डर
@विहीरमोटर, तुमच्यासारखाच मी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. मशीन हाताळायला आम्ही पुढे, पण समोर एकदम एम-थ्री, आणि एम-वन, एम-टू आम्ही बघितलेलंच नाही. वर्गातल्या एका मुलाशी करार झाला. तो रात्री गच्चीवर एम-थ्रीतलं लाप्लास शिकवणार, मी त्याला लेथवर थ्रेड कापायला शिकवणार. दोघंही पास. वडील एसटीत कंडक्टर, पैसे मनीऑर्डरने यायचे, फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी. "प्रकृतीस जप. दूध पी." दूध घेत नव्हतो, त्या पैशात झेरॉक्स काढायचो. कुणी फी भरायला अडलं की वर्गात वर्गणी निघायची, कुणी विचारायचं नाही कुणासाठी.

संगमावर
पुण्याचं सीओईपी, १८५४ पासूनचं कॉलेज, पण आमच्यासाठी कॉलेज म्हणजे मुळेवरचा बोट क्लब. रेगाटाच्या, म्हणजे नदीवरच्या बोटींच्या कार्यक्रमाच्या, आधी महिनाभर पहाटे अंधारात पाण्यात. पंट फॉर्मेशन, अ‍ॅरो, शेवटी मशाल डान्स. जलपर्णी वाढली की आधी ती ओढून काढायची, मग सराव. बोटीत आठ जण एका लयीत वल्हं मारतात तेव्हा बोट पाण्याच्या वर उचलल्यासारखी होते, तो क्षण ज्याने अनुभवला त्यालाच कळेल. थर्मोडायनॅमिक्स ज्यांच्याकडून शिकलो ते सगळे सीनियर क्लबातलेच. ओले कपडे घालून लेक्चरला बसायचो.

बॅच२०१९
तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटतो. आमचं पहिलं वर्ष संपता संपता लॉकडाऊन. दुसरं वर्ष गावाकडे, रेंज फक्त देवळामागच्या टेकडीवर. तिथे छत्री घेऊन बसायचो, ऊन लागलं की मोबाइल तापून बंद. प्रॅक्टिकलचे व्हिडिओ बघून रीडिंग लिहायची. तन्य चाचणीत सळी तुटते तेव्हा मान बारीक होऊन तुटते आणि एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला शंकू होतो, हे मी लिहिलं होतं. खरी तुटताना पहिल्यांदा कंपनीत बघितली, ट्रेनी म्हणून. तो आवाज व्हिडिओत येत नाही. मी दचकलो, शेजारचे काका हसले आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. गरम होते.

कानस
@बॅच२०१९ भावा, तुकडे जपून ठेव. कधी पुण्यात आलास तर आमच्या शॉपवर ये, कानस धरायला शिकवतो. खरंच सांगतोय.

लेव्हलिंग स्टाफ
सिव्हिलचं कुणीच नाही का? सर्व्हे कॅम्पला एका गावाबाहेर थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावला की गाव गोळा व्हायचं. पहिला प्रश्न, "रस्ता कधी होणार?" दुसरा, "जमीन जाणार का?" आम्ही विद्यार्थी आहोत, नुसता अभ्यास करतोय, हे कुणालाच पटायचं नाही. एक आजोबा रोज येऊन माझ्या शेजारी बसायचे. शेवटी एकदा दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, "पोरा, उलटं दिसतंय!" जुन्या यंत्रांत उलटंच दिसायचं. त्यांना बांध, विहीर, नाला कुठून कुठे वाहतो सगळं माहीत. आमचा लेव्हलिंगचा हिशोब जुळेना तेव्हा ते म्हणाले, पाणी तर इकडून तिकडे जातं, तुमचा आकडा उलटा लागलाय. बघितलं तर एका ठिकाणी वाचन खरंच उलटं मांडलेलं. अजून कुठल्याही साइटवर गेलो की आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो पाणी कुठून जातं.

कृष्णामाई
सांगलीची मी. मेसवर कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्या काकू महिन्याचे पैसे उशिरा आले तरी ताट थांबवायच्या नाहीत. आदल्या दिवशी खाडा सांगितला तर पैसे वजा, आणि खाडा सांगून ऐनवेळी परत आलं तरी "बस, दोन पोळ्या करते." परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला भडंग आणि चहा, त्याचे पैसे नाहीत. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग सगळ्यांची वरात वडापावच्या गाड्यावर.

आईपण_जागं
@कोयनाकाठ, मनापासून आभार. मुलाला धागा वाचायला दिला. पहिलं मेकॅनिकल भरलंय, त्यानेच.
@कृष्णामाई, भडंगाची कृती द्याल का? हॉस्टेलला डब्यात द्यायला हवीच.

कृष्णामाई
चुरमुरे आधी कडक उन्हात तापवून घ्या, नाहीतर कढईत मंद भाजा. तेलात शेंगदाणे, भरपूर लसूण ठेचून, कढीपत्ता, मग गॅस बंद करून तिखट-मीठ-हळद आणि किंचित पिठीसाखर. तिखट जळू देऊ नका. डबा घट्ट झाकणाचा द्या, आणि मोठा द्या. खोलीत चौघं असतात.